तिचा शब्द खाली पडू नये: आरोग्य कार्यकर्ती आणि सेवा-मार्गदर्शक यांना पाठबळ कसं द्यायचं

घरोघरी जाणाऱ्या आरोग्य कार्यकर्तीच्या पिशवीत सामान थोडं असतं आणि हातात अधिकार जवळपास नसतातच. तिचं सगळं काम चालतं ते लोकांच्या विश्वासावर. “मंगळवारी दहाला जा, डॉक्टर भेटतील,” असं ती एखाद्या घरात सांगते. माणसं दिवसाची मजुरी बुडवून, लेकराला कडेवर घेऊन जातात आणि समोर दाराला कुलूप. यात तिची काडीचीही चूक नसते. तरी पुढच्या वेळी त्या घरात तिचं बोलणं कुणी मनावर घेत नाही, आणि असं दोन-चार घरांत झालं की वस्तीभर बभ्रा होतो.

म्हणून पाठबळ म्हणजे काय, याची माझी व्याख्या सरळ आहे: दारात उभं राहून तिने दिलेला शब्द खाली पडू नये यासाठी मागे करायची सगळी कामं. प्रशिक्षण, पगार, बैठका, नोंदी यांचं मोल याच कसोटीवर ठरवायचं. हा लेख ती कामं करणाऱ्यांसाठी आहे: पर्यवेक्षक, गटप्रमुख, प्रकल्प समन्वयक, किंवा पाच-पंधरा जणींची जबाबदारी अंगावर आलेली परिचारिका. या कामात बहुतेक ठिकाणी स्त्रियाच जास्त आहेत, म्हणून लेखभर ‘ती’ म्हणते. पुरुष कार्यकर्त्यांनाही हे सगळं तसंच लागू आहे.

दोन भूमिका आधी स्पष्ट करून घेऊ. आरोग्य कार्यकर्ती वस्तीतलीच असते. ती गरोदर स्त्री, नवजात बाळ, मधुमेहाचा किंवा क्षयाचा रुग्ण यांच्या घरी जाते, धोक्याची लक्षणं ओळखते, वेळेवर दवाखान्यात पाठवते. 1978 च्या अल्मा-आटा जाहीरनाम्यात प्राथमिक आरोग्यसेवा कुणाच्या बळावर उभी राहील हे सांगताना डॉक्टर, परिचारिका, सुईणी यांच्याच यादीत समाजातल्या कार्यकर्त्यांचाही उल्लेख आहे. कुटुंब सेवा-मार्गदर्शक ही दुसरी भूमिका. मूल अपंग आहे असं निदान झालेलं कुटुंब घ्या. त्यांना उपचार, शाळा, प्रमाणपत्र, आर्थिक मदत, ये-जा अशा पाच-सहा ठिकाणी खेटे घालावे लागतात आणि प्रत्येक ठिकाणचा कागद वेगळा. कोणतं दार आधी ठोठवायचं हे सांगणारी आणि गरज पडली तर सोबत जाणारी ती सेवा-मार्गदर्शक. कर्करोगाच्या क्षेत्रात या कल्पनेला आकार दिला तो न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातले शल्यविशारद हॅरोल्ड फ्रीमन यांनी. स्तनाचा कर्करोग झालेल्या गरीब स्त्रिया उपचारापर्यंत फार उशिरा पोहोचत होत्या. निदान आणि उपचार यांच्या मधल्या अडचणी दूर करायला त्यांनी 1990 मध्ये रुग्णांसोबत माणसं नेमली.

पायरी 1: काम कागदावर आणा आणि वेळेचा हिशेब मांडा

बहुतेक ठिकाणी हे काम तोंडी वाढत जातं. आज सर्वेक्षण, उद्या शिबिराची गर्दी जमवणं, परवा कुणाची तरी यादी. प्रत्येक विभागाला वाटतं, ती जातेच आहे तर हेही करेल. याला आळा घालायचा तर एक पानाचं लेखी कामाचं वर्णन लागतं: ती काय करेल, काय करणार नाही, आणि नवीन काम द्यायचं असेल तर कुणाची परवानगी लागेल. ‘काय करणार नाही’ हा भाग गाळू नका. औषधाचा डोस बदलणं, निदान सांगणं, कुटुंबाच्या वतीने सही करणं, कौटुंबिक भांडणात निवाडा देणं या गोष्टी नावानिशी लिहा. लोक गळ घालतात तेव्हा “मला याची परवानगी नाही” म्हणायला तिच्या हातात काहीतरी हवं.

मग आकडे मांडा. उदाहरणादाखल, आठवड्याचे 40 तास धरू. बैठक, शिक्षण, नोंदी, फोन यांत 12 तास जातात. उरले 28. जाणं-येणं धरून एका गृहभेटीला सरासरी सव्वा तास लागत असेल, तर आठवड्याला साधारण 22 भेटी होतील, चार आठवड्यांत 88. दहा कुटुंबांना दर आठवड्याला भेट लागते असं समजू, म्हणजे 40 भेटी तिथेच संपल्या. उरलेल्या 48 भेटींत महिन्याला दोनदा भेटायची 24 कुटुंबं बसतात. म्हणजे एकूण 34 कुटुंबं. तिच्या यादीत 70 नावं असतील तर निम्म्या घरांत ती नुसती सही घेऊन येणार, हे आजच ठरलेलं आहे. हाच हिशेब वरिष्ठांसमोर ठेवायचा. “काम फार होतं” या तक्रारीकडे दुर्लक्ष करता येतं, या बेरजेकडे करता येत नाही.

सव्वा तास हा आकडा मात्र माझा धरू नका. तुमच्या भागात अंतरं किती, चढ किती, घरं पांगलेली आहेत की दाट, यावर तो ठरेल. दोन आठवडे प्रत्यक्ष भेटींच्या वेळा टिपून घ्या.

पायरी 2: मोबदला आणि सामान

जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये समाज-आरोग्य कार्यकर्त्यांच्या कार्यक्रमांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. कामाची गुंतागुंत, तास, प्रशिक्षण आणि जबाबदारी यांच्या तोडीचा मोबदला द्या, लेखी करार करा, आणि केवळ किंवा मुख्यतः कामगिरीवर आधारित भत्त्यांवर त्यांना ठेवू नका, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. कारण उघड आहे. ज्या कामाला पैसे आहेत ते होतं; रडणाऱ्या आईजवळ अर्धा तास बसण्याला कुठल्याच तक्त्यात रकाना नसतो, म्हणून ते मागे पडतं.

या मागणीसाठी कार्यकर्त्यांना जगभर झगडावं लागलं आहे. पाकिस्तानात 1994 मध्ये सुरू झालेल्या ‘लेडी हेल्थ वर्कर’ योजनेतल्या स्त्रियांना नोकरीत कायम होण्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. 2012 मध्ये त्यांच्या बाजूने आदेश आले. ब्राझीलने 2022 मध्ये घटनादुरुस्ती करून समाज-आरोग्य कार्यकर्त्यांना किमान वेतनाच्या दुप्पट असा तळाचा पगार ठरवून दिला. भारतातल्या आशा कार्यकर्त्यांना 2022 मध्येच जागतिक आरोग्य संघटनेचा जागतिक आरोग्य नेतृत्व पुरस्कार मिळाला. तो त्यांना मिळायलाच हवा होता. पण ‘स्वयंसेविका’ या नावाखाली कामागणिक मिळणाऱ्या मोबदल्यावर राबणाऱ्या याच स्त्रियांना पगारासाठी रस्त्यावर उतरावं लागतं, हे मला मनापासून खटकतं.

पगाराची पातळी पर्यवेक्षकाच्या हातात नसेल. तरी काही गोष्टी नक्की असतात. प्रवासखर्च आगाऊ मिळेल असं बघा. तिने पदरमोड करायची आणि तीन महिन्यांनी बिल मंजूर व्हायचं, हे चालू देऊ नका. फोनचं रिचार्ज कामाच्या खर्चातच धरा. थर्मामीटर, वजनकाटा, हातमोजे, फॉर्म यांचा साठा संपण्याआधी भरा. वजनकाटा बिघडलेला आहे हे माहीत असूनही ती महिनाभर वजनं लिहीत असेल, तर त्या आकड्यांना तीच काय, कुणीच किंमत देणार नाही.

पायरी 3: शिकवणं थांबवू नका

सुरुवातीला आठवडाभर वर्ग आणि मग थेट मैदानात, ही पद्धत कामाची नाही. तीन टप्पे ठेवा. आधी नवी कार्यकर्ती अनुभवी कार्यकर्तीसोबत फिरते आणि नुसतं बघते. मग दोघी मिळून भेट करतात. शेवटी नवी काम करते आणि जुनी गप्प बसून बघते. तिसरा टप्पा वेळ वाचवण्याच्या नादात सगळीकडे गाळला जातो, आणि खऱ्या चुका दिसतात त्या तिथेच.

एक साधं कौशल्य घेऊ: नवजात बाळाचा श्वास मोजणं. मिनिटाला 60 किंवा त्याहून जास्त श्वास हे धोक्याचं लक्षण, हे सगळ्यांना पाठ असतं. प्रत्यक्षात काय होतं? बाळ रडत असताना मोजायला सुरुवात होते, 15 सेकंद मोजून चारने गुणलं जातं, कपड्याची घडी हलली तरी तो श्वास धरला जातो. तान्ह्या बाळाचा श्वास मुळातच अनियमित असतो. काही क्षण भरभर, मग थोडा थांबून. म्हणून पूर्ण एक मिनिट मोजायचं, बाळ शांत असताना, पोटावरचं कापड बाजूला करून. आकडा 60 किंवा वर आला तर पुन्हा एकदा पूर्ण मिनिट मोजून खात्री करायची. हे फळ्यावर लिहून येत नाही. दोघींनी एकाच वेळी, एकमेकींना आकडा न सांगता मोजायचं आणि मग ताडून बघायचं, असं चार-पाच बाळांवर केलं की हात बसतो.

अशा हात बसलेल्या स्त्रिया किती करू शकतात याचा दाखला गडचिरोलीचा आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच स्त्रियांना घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासानुसार, प्रयोगाच्या तिसऱ्या वर्षी तिथला नवजात बालमृत्युदर तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने 62 टक्क्यांनी घटला होता. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये काम सुरू केलं. तिथल्या आरोग्य कार्यकर्त्या, ज्यांतल्या कित्येकींना लिहिता-वाचता येत नव्हतं, दर आठवड्याला केंद्रावर एकत्र जमून शिकत राहिल्या. गावात जे दिसलं ते सांगायचं, एकमेकींकडून शिकायचं, परत जायचं. शिकणं हे नोकरीच्या सुरुवातीचं एक प्रकरण मानलं की ते तिथेच संपतं. इथे ते दर आठवड्याच्या कामातच मुरलेलं होतं.

बोलण्याचं कौशल्यही असंच सरावाने येतं. माहिती सांगून झाली की “समजलं ना?” असं विचारू नये, कारण उत्तर नेहमी “हो”च येतं. “घरी गेल्यावर तुम्ही हे औषध कसं देणार, मला एकदा सांगाल का?” असं विचारायचं. समोरच्याने स्वतःच्या शब्दांत सांगितलं की कळतं, काय पोहोचलं आणि काय वाटेतच राहिलं.

पायरी 4: पाठवलं आणि मिळालं यातलं अंतर मिटवा

तिचा शब्द सर्वांत जास्त वेळा खाली पडतो तो इथे, म्हणून या पायरीवर जरा थांबू.

आधी सेवांची यादी नीट करा. संस्थेचं नाव आणि फोन नंबर एवढ्यावर भागत नाही. ही सेवा कुणाला मिळते आणि कुणाला नाही, कोणते कागद लागतात, मूळ प्रत लागते की झेरॉक्स चालते, कोणत्या वारी, किती वाजता, सध्या किती दिवस थांबावं लागतं, चाकाच्या खुर्चीने आत जाता येतं का, आणि तिथे फोन उचलणारी व्यक्ती कोण. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा: ही माहिती शेवटची कधी तपासली ती तारीख. यादी गटात वाटून घ्या. प्रत्येकीने महिन्याला आपल्या वाट्याच्या दहा सेवांना फोन करायचा, तारीख बदलायची. तीन महिन्यांहून जुनी नोंद फोन करून खात्री केल्याशिवाय कुटुंबाला सांगायची नाही.

मग पाठपुराव्याची नोंद. बहुतेक नोंदवह्यांत ‘संदर्भित केले’ असा एकच शब्द असतो आणि तिथे गोष्ट संपते. त्या जागी प्रत्येक प्रकरणाचा माग असावा. एका बाळाच्या श्रवण तपासणीची नोंद अशी दिसेल:

4 तारीख. आईच्या संमतीने, तिच्यासमोर तपासणी केंद्राला फोन. 11 तारखेला सकाळी 10 ची वेळ मिळाली. 
10 तारीख. आठवण दिली. जायची सोय आहे का विचारलं, आहे. 
11 तारीख. आई-बाळ जाऊन आले. यंत्र बंद, तपासणी झाली नाही. संध्याकाळी पर्यवेक्षकांना कळवलं. 
12 तारीख. पर्यवेक्षकांचं केंद्रप्रमुखांशी बोलणं. नवी वेळ 18 तारखेची. यंत्र बंद असेल तर केंद्राने आदल्या दिवशी आपल्याला फोन करायचा, असं ठरलं. आईला घरी जाऊन सांगितलं, झाल्या त्रासाबद्दल दिलगिरी व्यक्त केली. 
18 तारीख. तपासणी झाली. निकाल आईला काय समजला ते विचारलं. पुढची भेट 25 ला.

12 तारखेची ओळ पुन्हा वाचा. कार्यकर्तीने केंद्रप्रमुखांशी भांडावं अशी अपेक्षा करणं अन्याय आहे. तिचं तिथे कुणी ऐकत नाही आणि उद्या तिला पुन्हा त्याच खिडकीसमोर उभं राहायचं असतं. ते बोलणं पर्यवेक्षकाचं काम. म्हणून नियम ठरवून टाका: सेवा नाकारली गेली की कार्यकर्ती त्याच दिवशी कळवेल आणि पर्यवेक्षक दोन कामाच्या दिवसांत संबंधित ठिकाणी बोलून तिला उत्तर देईल. उत्तर “अजून काही झालं नाही” असं असलं तरी द्यायचं. तिलाही कुणीतरी दिलेला शब्द पाळतंय, हे तिला दिसलं पाहिजे.

आईसमोर फोन करण्याची सवय लावा. ज्याला फोन केला त्याचं नाव कुटुंबाला कळतं, प्रश्न तिथल्या तिथे विचारता येतात, आणि पलीकडच्या माणसालाही कळतं की आता विशिष्ट माणूस येणार आहे. नुसती चिठ्ठी हातात देण्यापेक्षा याला दहा मिनिटं जास्त लागतात. ती पायरी 1 च्या हिशेबात धरायला विसरू नका.

कार्यकर्तीच्या तोंडी भाषाही बसवून द्या. “तुमचं काम होऊन जाईल” असं म्हणू नये. “मी उद्या फोन करते आणि परवा संध्याकाळपर्यंत तुम्हाला सांगते” असं म्हणावं. स्वतःच्या हातातलं तेवढंच वचन द्यायचं आणि ते पाळायचं.

पायरी 5: दर आठवड्याची दोघींची भेट

पर्यवेक्षण म्हटलं की टेबलावर आधी नोंदवही येते. मग रकाने, मग राहिलेल्या सह्या, आणि वेळ संपते. नोंदी तपासायला वेगळा दिवस ठेवा. आठवड्याची 45 मिनिटांची भेट फक्त तिच्यासाठी असू दे, एकाच ठरलेल्या वेळी, दार लावून, फोन बाजूला ठेवून. नवीन कार्यकर्तीला सुरुवातीचे तीन महिने ही भेट एकदाही चुकवू नका.

बोलणं साधारण असं चालावं:

“ताई, या आठवड्यात कोणतं घर मनात घोळतंय?”

“ते तीन आठवड्यांच्या बाळाचं. आई काही बोलतच नाही. मी विचारते तिला, उत्तर देते आजी.”

“मग काय केलंत?”

“बाळाचं वजन घेतलं, चांगलं होतं. निघाले. पण मनाला बरं वाटलं नाही.”

“काय बघून बरं वाटलं नाही?”

“बाळ रडत होतं तरी तिने वळून बघितलं नाही.”

“हे तुमच्या नजरेनं टिपलं, फार बरं झालं. ती एकटी कधी भेटेल?”

“दुपारी. पण दुपारी मला ती सर्वेक्षणाची यादी दिलीय ना.”

“यादी या आठवड्यात मी दुसरीकडे वळवते. तुम्ही उद्या दुपारी जा. गेल्यावर पहिलं वाक्य काय म्हणाल?”

“बाळ कसं आहे… नाही, तसं नको. तुमची झोप कशी आहे, असं विचारेन.”

“छान. आणि ती म्हणाली की जगावंसंच वाटत नाही, तर?”

इथे खरं पर्यवेक्षण सुरू होतं. त्या शेवटच्या प्रश्नावर दोघींनी मिळून उत्तर तयार करायचं: घाबरून विषय बदलायचा नाही, तिला एकटं सोडायचं नाही, कुणाला लगेच फोन करायचा, पर्यवेक्षक त्या वेळेत फोनवर हजर असेल. बाळंतपणानंतरचं नैराश्य हा उपचार होणारा आजार आहे आणि तो बऱ्याचदा पहिल्यांदा दिसतो तो घरी जाणाऱ्या या बाईलाच. या सगळ्या बोलण्यात पर्यवेक्षकाने सल्ला जवळपास दिलेलाच नाही. तिने प्रश्न विचारले, वाटेतला एक अडथळा स्वतः उचलला, आणि पुढच्या भेटीची तालीम करून घेतली.

महिन्यातून एकदा तिच्यासोबत घरी जा. घरात शिरल्यावर बोलणं तिचंच राहू द्या. कुटुंब तुमच्याकडे ‘मोठ्या मॅडम’ म्हणून वळेल, तेव्हा “ताईंनाच विचारा, तुमचं त्यांना जास्त माहीत आहे,” असं म्हणून प्रश्न तिच्याकडे परत द्या. तिची चूक कुटुंबासमोर सुधारू नका. जिवाला धोका असेल तरच मध्ये बोला. बाहेर पडल्यावर आधी तिला विचारा की तिला स्वतःला काय जमलं आणि काय नाही. मग एक, फक्त एकच सुधारणा सांगा.

पायरी 6: सुरक्षितता

डिसेंबर 2012 पासून पाकिस्तानात पोलिओ लस देणाऱ्या कार्यकर्त्यांवर प्राणघातक हल्ले होत आले आहेत. ते टोक झालं. रोजचे धोके त्यामानाने साधे, पण सगळीकडे आहेत: दारू प्यालेला माणूस, मोकाट कुत्रा, रात्री येणारे फोन, एकट्या बाईकडे बघण्याची नजर.

भेटींचा दिवसाचा क्रम सकाळी एका व्यक्तीकडे जायला हवा आणि शेवटची भेट आटोपल्याचा निरोप संध्याकाळी. ठरलेल्या वेळेनंतर अर्ध्या तासात निरोप नाही आला तर कुणी, कुणाला फोन करायचा हे लिहून ठेवा. संकटात फोनवर उघड बोलता येत नसेल तर एक साधं वाक्य ठरवा, जसं “निळी फाईल कपाटात आहे का बघा”. ते ऐकलं की पलीकडच्याने मदत पाठवायची. जिथे हिंसेचा इतिहास आहे तिथे दोघींनी जायचं. आणि कोणत्याही दारातून, कोणत्याही क्षणी निघून येण्याचा तिला हक्क आहे, “एवढ्यासाठी परत आलात?” हा प्रश्न तुमच्या तोंडून कधीच निघता कामा नये. कामासाठी वेगळा नंबर द्या. संसर्गाच्या कामात असलेल्यांच्या लसी आणि मास्क यांची जबाबदारी संस्थेची.

पायरी 7: मनावरचा भार

ती त्याच वस्तीत राहते. ज्या घरात दुपारी मूल दगावलं, त्या घराच्या अंगणावरूनच तिला संध्याकाळी पाण्याला जायचं असतं. कामाची वेळ संपते, काम संपत नाही. चिडचिड, झोप उडणं, एखाद्या घरी जायचं सारखं टाळणं, नोंदी अचानक अगदी कोरड्या होणं, ही थकव्याची खूण असू शकते. याला कामचुकारपणा समजून बोलणी बसली की ती माणसं सोडून जातात, आणि त्यांच्यासोबत वस्तीची वर्षानुवर्षांची ओळखही जाते.

मृत्यू, मारहाण, आत्महत्येचा प्रयत्न असं काही तिच्यासमोर घडलं तर पर्यवेक्षकाने त्याच दिवशी तिला प्रत्यक्ष भेटावं किंवा किमान फोन करावा. अहवाल मागायला नव्हे, ती कशी आहे हे विचारायला. दुसऱ्या दिवशीच्या भेटी दुसरीकडे वळवा. तिला बोलावंसं वाटत नसेल तर बोलायला लावू नका. समुपदेशक असेल तर तो तिच्या वरिष्ठांच्या साखळीबाहेरचा हवा, नाहीतर तिथे कुणी मन मोकळं करणार नाही.

मर्यादांचे प्रश्न गटात बसून सोडवा, कारण ते प्रत्येकीला पडतात. कुणी उसने पैसे मागितले तर? रात्री अकराला फोन आला तर? नात्यातलंच कुटुंब यादीत आलं तर? एकटीने “नाही” म्हणणं कठीण जातं. “आमच्याकडे नियमच आहे” असं म्हणता आलं की नातंही तुटत नाही. रजेवर गेल्यावर तिची तातडीची कुटुंबं कोण बघेल हे आधीच ठरलेलं असेल तरच ती रजा खरी.

पायरी 8: नोंदी आणि गुप्तता

सध्याचे सगळे फॉर्म एका टेबलावर पसरा. प्रत्येक रकान्यापुढे लिहा: ही माहिती कोण वापरतं, कोणत्या निर्णयासाठी? उत्तर नसेल तर तो रकाना काढा, किंवा काढायची लेखी मागणी करा. एकच जन्मतारीख तीन वह्यांत आणि एका ॲपमध्ये भरायला लावणं म्हणजे तिच्या गृहभेटी खाणं.

गुप्ततेची परीक्षा बहुतेक वेळा रस्त्यावर होते. “त्यांच्याकडे का गेला होतात?” असं शेजारीण सहज विचारते. याचं उत्तर आधीच ठरलेलं हवं: “मी सगळ्यांकडेच जाते, आणि तुमच्याबद्दलही कुणाला सांगत नाही.” फोनला कुलूप, कुटुंबाचे फोटो गटाच्या व्हॉट्सॲपवर न टाकणं, क्षय किंवा एचआयव्हीसारख्या आजाराचा उल्लेख वहीच्या बाहेरून दिसेल असा न ठेवणं, हे नियम पर्यवेक्षकाने स्वतः पाळले तरच टिकतात. बैठकीचा फोटो टाकताना मागच्या फळ्यावर कुणाची नावं दिसत नाहीत ना, हेही बघा.

पायरी 9: टीममध्ये जागा आणि पुढची वाट

दवाखान्यातल्या केस-चर्चेला तिला बोलवा आणि बोलायला वेळ द्या. रुग्ण औषध का घेत नाही याचं कारण अनेकदा तिलाच ठाऊक असतं: गोळी रिकाम्या पोटी घेतली की मळमळतं आणि सकाळी घरात खायला काही नसतं. तिच्या सांगण्यामुळे उपचारात बदल झाला तर तो कुणामुळे झाला हे फाईलमध्ये लिहा. वरिष्ठ कार्यकर्ती, प्रशिक्षक, पर्यवेक्षक अशा पुढच्या पायऱ्या कागदावर असाव्यात, त्यांना पगारवाढ जोडलेली असावी, आणि रिकाम्या जागा बाहेर जाहीर करण्याआधी आतल्यांना विचारलं जावं.

पायरी 10: पाठबळ पोहोचतंय का, ते मोजा

गृहभेटींचा आकडा एकटा मोजू नका. तो फुगवायला सर्वांत सोपा असतो. त्याऐवजी चार गोष्टी महिन्याला बघा. पाठवलेल्यांपैकी किती जणांना सेवा खरोखर मिळाली? गरज कळल्यापासून मिळेपर्यंत किती दिवस गेले? ठरलेल्या आठवडी भेटींपैकी किती झाल्या, हा आकडा पर्यवेक्षकाचा, तिचा नाही. वर्षात किती जणी काम सोडून गेल्या आणि का? पहिल्या आकड्यासोबत सेवा न मिळण्याची कारणंही लिहा. एकाच ठिकाणी पाच कुटुंबांना एकाच कागदासाठी परत पाठवलं असेल तर ती पाच प्रकरणं राहत नाहीत, त्या कार्यालयाशी बोलण्याचा एक ठोस मुद्दा होतो.

यातलं काहीच आज तुमच्याकडे नसेल तर सगळं एकदम हाती घेऊ नका. पहिल्या महिन्यात दोनच कामं करा: प्रत्येकीसोबत ठरलेली आठवडी भेट, आणि सर्वांत जास्त लागणाऱ्या वीस सेवांची तपासलेली यादी. दुसऱ्या महिन्यात पाठपुराव्याची नोंद आणि संध्याकाळचा निरोप. वेळेचा हिशेब त्यानंतर, कारण तोवर तुमच्याकडे खरे आकडे जमलेले असतील.

आणि एखादी कार्यकर्ती काम सोडून जात असेल तर तिची यादी टेबलावरून टेबलावर सरकवू नका. शेवटच्या दोन आठवड्यांत तिच्या नव्या भेटी बंद करा. तातडीच्या प्रत्येक घरी तिला नव्या कार्यकर्तीला सोबत घेऊन जाऊ द्या, म्हणजे तिच्या तोंडून ओळख होईल आणि अर्धवट राहिलेली वचनं कोणती, ती आता कोण पुरी करणार, हे कुटुंबासमोरच ठरेल. ती वचनं तारखांसकट नव्या कार्यकर्तीच्या वहीत उतरली आहेत ना, हे तुम्ही स्वतः तपासा आणि मगच तिचं शेवटचं बिल सहीला घ्या.